नवऱ्याचं काम

मास्तरांनी त्याच्या कानाखाली वाजवली तेव्हा तो आपलं नाव सांगत होता.

नाव अर्धंच राहिलं. पुढच्या क्षणी मास्तरांची पाठ भिंतीला लागली होती, टाचा जमिनीपासून सुटल्या होत्या आणि गळा या पोराच्या उजव्या पंजात होता. नाटकाच्या तालमीच्या त्या तळघरात बाकड्यावर बसलेले बाकीचे उमेदवार ताडकन उभे राहिले, पण पुढे कुणी आलं नाही. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला. आणि तशातच ते हसायला लागले. आवळलेल्या गळ्यातून येणारं, फसफसणारं हसू. पोरानं घाबरून हात सोडला.

"हाच," मास्तर खोकत म्हणाले. "बाकीच्यांना घरी पाठवा. आपला नवरा सापडला."

त्या दिवसापर्यंत या शहरात त्याला कुणी कशासाठीच निवडलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी तो आपल्या लहान गावातून आला तो थेट ताईच्या घरी. ताई म्हणजे त्याची एकुलती एक थोरली बहीण. तिचा नवरा, म्हणजे दाजी, लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. पाचव्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दाराला डोकं आणि समोरच्या भिंतीला पाय लावून तो झोपायचा. उंचीच तेवढी होती. दिवसा तो जुन्या गाड्या मोडायच्या आवारात कामाला जाई. अपघातात चेपलेल्या मोटारी, जळलेले ट्रक, गंजून बसलेल्या बस. घण मारून दारं उखडायची, काचा फोडायच्या, साखळी लावून इंजिनं उपसायची. सुट्टीच्या दिवशी सिनेमाच्या गर्दीत जाऊन उभं राहायचं. एका सिनेमात त्याची पाठ दिसली होती. आवारातल्या लोकांनी ती पाठ पाहिली आणि ते त्याला हिरो म्हणायला लागले. म्हणायचे आणि फिदीफिदी हसायचे. नाव मात्र डिंकासारखं चिकटलं. पुढे नाटकवालेही तेच म्हणू लागले.

नट व्हायचं खूळ शाळेपासूनचं. शाळेच्या नाटकात त्याला दूताचं काम मिळालं होतं, दोन वाक्यांचं. त्या दोन वाक्यांपुरतं सगळं सभागृह गप्प बसून त्याचं ऐकत होतं. घरात असं कधी झालं नव्हतं. घरात बोलायचा हक्क एकट्या वडिलांना. ते गोदामावर मुकादम होते. आधी तोंडानं बोलत, मग हातानं. आईला उत्तर द्यायची सवय नव्हती, तरी मार चुकत नसे. ताईनं मिळालं ते पहिलं स्थळ पकडून घर सोडलं, आणि नशिबानं दाजी देवमाणूस निघाले. आई गेली तेव्हा डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं कारण दिलं. ताई म्हणाली, "त्यांनी शेवटचं कारण सांगितलं, एवढंच." पुढे वडीलही गेले. घराला कुलूप लावून हा शहरात आला.

मास्तरांचं नाटक तीन माणसांचं होतं. काम सुटलेला एक नवरा रोज बायकोला मारतो आणि शेवटी ती घर सोडून जाते, एवढीच गोष्ट. बायकोचं काम करणारी बाई दिवसा दवाखान्यात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. हिरोपेक्षा ती सात-आठ वर्षांनी मोठी. कित्येक नाटकांतून शेजारीण, मोलकरीण, मेलेल्या माणसाची विधवा असली कामं करून करून तिच्या वाट्याला हे पहिलं मोठं काम आलं होतं. बायकोच्या बापाचं काम एक साठीतला नट करायचा. तो विशीत असल्यापासून म्हाताऱ्याचीच कामं करत आला होता. त्याला आजोबा म्हणत.

पहिल्या तालमीला सिस्टरनं हिरोला समोर उभं केलं.

"कधी खोटी थप्पड मारलीयेस?"

"नाही."

"खरी?"

त्यानं हात पाठीमागे घेतले.

"हे बघ. तुझा तळवा माझ्या गालापासून वीतभर लांबून जाणार. मी मान झटकणार. टाळी मी वाजवणार, इथं खाली, लोकांना दिसणार नाही अशी. तू फक्त खांद्यातून जोर दाखव, मनगट सैल सोड. दिवसभर मी लोकांच्या जखमा बांधते. संध्याकाळी माझी बांधायला कुणी नाही, तेव्हा सांभाळून."

तो हसला. त्यांनी ती थप्पड इतक्या वेळा केली की शेवटी आजोबा म्हणाले, "पुरे, माझाच गाल सुजला बघून बघून."

हे मास्तरांना आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम काढला. नाटक बंद पडेपर्यंत नवरा-बायकोनं रंगमंचाबाहेर एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. चहा वेगळा, येणं-जाणं वेगळं, नजरानजरसुद्धा नको. "बाहेर गप्पा मारल्या की आत लोणी होतं," ते म्हणाले. "मला अभिनय नको. मला घटना पाहिजे." हिरोला हे फार मोठं वाटलं. सिस्टरनं डोळे फिरवले, पण नियम पाळला.

नाटकघर अगदी छोटं होतं. तिन्ही बाजूंनी खुर्च्या, पहिल्या रांगेतल्या माणसाचे गुडघे रंगमंचाला लागायचे. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी हिरोला कोपऱ्यात घेतलं.

"सिस्टर आली होती माझ्याकडे. म्हणते, पोरगा भितो, हवेत हात फिरवतो. एवढ्या जवळून लोक बघणार, खोटी थप्पड कोण खपवून घेणार? तिला खरं रडू येत नाही. म्हणाली, त्याला सांगा, खरी मार."

"सिस्टर असं म्हणाल्या?"

"आता तिला विचारायला जाऊ नकोस. एकदा म्हणाली तेवढं तिला पुष्कळ जड गेलं."

प्रयोग सुरू झाला. दुसऱ्या अंकात नवरा दारू पिऊन घरी येतो आणि बायको काही न बोलता पाणी पुढे करते, तिथे थप्पड होती. हिरोनं थप्पड मारायच्या आधी एक गोष्ट केली जी तालमीत नव्हती. मनगटावरचं घड्याळ काढलं, काच फुटू नये म्हणून जपून फळीवर ठेवलं, आणि मग वळून तिच्या तोंडात मारली.

आवाज सगळ्या खोलीत भरला. सिस्टर एका गुडघ्यावर आली. तिची टाळी वाजलीच नव्हती; हात अजून तसाच अधांतरी होता. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ हनुवटीवर उतरली. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात घेतला. सिस्टरनं वर पाहिलं. त्या नजरेत खरंच जे होतं ते लोकांना बायकोचं वाटलं. ती उठली, पुढचं वाक्य बोलली, प्रयोग पूर्ण केला.

टाळ्या थांबेनात. आणि हिरोला बरं वाटलं होतं. टाळ्यांचं नाही, त्याच्या आधीचं. हात गालावर बसला त्या क्षणाचं. हे त्यानं पुढे कोर्टात सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

मास्तर त्या संध्याकाळी आत आले आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "घड्याळ! ते कुठून आणलंस?"

"सुचलं," हिरो म्हणाला.

नाटकाची चर्चा झाली. लोक एकमेकांना सांगत, अहो तो पोरगा खरं मारतो. तेच बघायला लोक येत. प्रयोग वाढले तशी मारहाण वाढली. थप्पड एकाची दोन झाली. केस धरून ओढणं आलं. ढकलणं होतंच, आता टेबलाच्या कडेवर ढकलणं झालं. सिस्टरच्या दंडावर बोटांचे वळ दिसत, आधी लाल, मग निळे, मग पिवळे, आणि पिवळे जायच्या आत वरून नवे. दवाखान्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालून जायला लागली. हिरो मनात म्हणे, काय बाई आहे! कलेसाठी केवढं सोसते! नियमाप्रमाणे तो तिच्याशी बोलत नव्हता, तिच्याकडे पाहतही नव्हता.

मग ताई नाटक बघायला आली. दाजींनी आग्रह केला होता, "सख्खा भाऊ एवढं नाव काढतोय, आणि तू घरी बसून राहतेस?" दोघं तिसऱ्या रांगेत बसली. पहिल्या अंकात दाजी कोपरानं ताईला ढोसत होते, बघ, आपला हिरो. दुसऱ्या अंकात हिरोनं घड्याळ काढून फळीवर ठेवलं, आणि दाजींच्या लक्षात आलं की ताईनं त्यांचा हात इतका घट्ट धरलाय की नखं रुतली आहेत.

दोघं घरी आली. हिरो नंतर आला, आनंदात. ताई जेवण वाढत होती.

"कसं वाटलं?"

"चांगलं."

"एवढंच?"

त्यानं वरच्या फळीवरचा पेला घ्यायला हात उचलला, तिच्या डोक्यावरून. ताई एकदम खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं झाकून, गुडघ्यांत मान घालून. भांडं लवंडलं, जेवण फरशीवर पसरलं.

"ताई, मी पेला घेत होतो."

ती उठली, फडकं आणलं, फरशी पुसायला लागली. पुसता पुसताच म्हणाली, "धाकट्या, ते घड्याळ तुला सुचलं नाही. आईला मारायच्या आधी बाबा तसंच काढून ठेवायचे. तू तेव्हा दाराआडून बघायचास. मला वाटायचं, हा भितो म्हणून बघतो."

"ताई, ते नाटक आहे."

"तिच्या ओठातून आलं ते काय होतं?"

"त्यांनीच सांगितलंय मारायला."

"आईसुद्धा शेजाऱ्यांना सांगायची, मीच जिन्यावरून पडले," ताई म्हणाली. दाजींनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली फरशी स्वतः पुसली.

त्यानंतर ताई त्याला घरात ठेवून होती, पण तो खोलीत आला की ती दुसऱ्या खोलीत जाई. त्याला हे झोंबलं. अख्खं शहर वाहवा करतंय आणि स्वतःची बहीण आपल्याला बघून दार लोटून घेते! तो राग मनातल्या मनात शिजत राहिला आणि उतू गेला तो आवारात. तिथे गॅसच्या ज्वाळेनं पत्रा कापणारा एक गडी होता, तोंडाळ पण मनानं साधा. दुपारच्या जेवणाला तो म्हणाला, "हिरो, तुझं बरं आहे बाबा. तू बायकोला मारलं की लोक टाळ्या वाजवतात. आम्ही मारलं तर पोलीस येतात."

सगळे हसले. गॅसवाला हसतच होता तेव्हा हिरोनं त्याची मान धरून तोंड एका मोटारीच्या पत्र्यावर आपटलं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा पत्र्यावर लाल पंजासारखा डाग उठला. तिसऱ्यांदा आपटायच्या आत चौघांनी त्याला ओढून मागे घेतलं. गॅसवाला रिकाम्या टायरवर बसून नाकातून वाहणारं रक्त ओंजळीत धरत होता, जणू सांडलं तर कुणी रागावेल.

मालकानं त्याला त्याच दुपारी हाकललं. "तुझ्यासारखे मी पाहिलेत," मालक म्हणाला. "आधी लोखंडाशी मारामारी करतात, मग माणसांशी, मग घरी जाऊन दरवाजा बंद करतात."

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "सोड ते आवार. तू आता भंगारात काम करायचा माणूस नाहीस." आणि खरंच, पुढच्या आठवड्यात एक मालिका काढणारे गृहस्थ प्रयोग बघून गेले. मोठं काम होतं, गावगुंडाचं. रविवारी दुपारच्या प्रयोगाला ते पुन्हा येणार होते, आपल्या माणसांना दाखवायला.

त्या रविवारी दुसऱ्या अंकात हिरो सिस्टरच्या डाव्या बाजूनं आला आणि आपलं वाक्य बोलला, "दार कुणासाठी उघडं ठेवलंस?"

तिनं वळायचं होतं. ती वळली नाही. समोर बघत कपडे घडी करत राहिली. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. ती तशीच. शेवटी समोर बसलेल्या आजोबांनी भुवई उडवली तेव्हा ती दचकून वळली आणि हातातला कपडा तिच्या हातून पडला. लोकांना वाटलं, भीतीनं सुन्न झाली आहे बिचारी. हिरोला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. त्यानं हात उचलला, पण थप्पड लागली नाही, गालाजवळून निसटली. मास्तरांनी विंगेतून बोट नाचवलं.

अंक संपला. हिरोनं नियम मोडला. तो सरळ रंगपटात गेला. सिस्टर आरशासमोर बसली होती. केस बाजूला केले होते आणि ती डाव्या कानातला कापसाचा बोळा बदलत होती. जुन्या बोळ्यावर पिवळा-लाल डाग होता. शेजारी आजोबा दाढी चिकटवत होते.

"सिस्टर, कानाला काय झालं?"

तिनं आरशातूनच पाहिलं. खुर्ची थोडी मागे सरकवली. "तू माझ्याशी बोलायचं नाहीस."

"काय झालंय?"

"पडदा फाटलाय. गेल्या प्रयोगाला तुझा तळवा बरोब्बर कानावर बसला. आमच्या डॉक्टरांनी पाहिलं. या कानानं आता कितपत ऐकू येईल, सांगता येत नाही म्हणाले."

"मग सांगायचं ना मला, हळू मार म्हणून!"

"तुला सांगायचं?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं, खरी मार म्हणून. मास्तरांकडे जाऊन."

सिस्टर खुर्चीसकट वळली. "मी?"

"पोरगा भितो, हवेत हात फिरवतो, असं म्हणालात..."

"मी एवढंच विचारायला गेले होते की पहिल्या प्रयोगात यानं खरी का मारली. मास्तर म्हणाले, त्याला आवरत नाही, रागाचा झटका येतो. त्याला छेडू नकोस, नाहीतर बाहेर गाठून मारेल. तू त्यांचा गळा धरला होतास, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मला खरं वाटलं." तिनं नवा बोळा कानात बसवला. "आणि काम सोडवेना. एवढ्या वर्षांनी मिळालं होतं."

आजोबांचा दाढी चिकटवणारा हात थांबला होता. ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "मला ठाऊक होतं. दोघांना सांगितलेलं दोन्ही मी ऐकलं होतं. पण या वयात मला दुसरं कोण उभं करणार?"

हिरो तिथून निघाला. मास्तर मागच्या अरुंद वाटेत, दिव्यांच्या खटक्यांपाशी उभे होते. त्याचा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं. ते मागे सरकले नाहीत.

"कळलं वाटतं," ते म्हणाले. "उत्तम झालं. हा राग असाच धरून ठेव. तिसऱ्या अंकात सोड. पाहुणे बसलेत समोर, त्यांना वेड लागेल."

पहिला ठोसा तोंडावर बसला. मास्तरांचे पुढचे दोन दात आत गेले. दुसरा जबड्यावर, आणि जबडा कडाडला. ते खाली पडले तेव्हा हिरोनं त्यांच्या छातीवर गुडघा रोवला आणि मारत राहिला. एक हात दुखला की दुसऱ्यानं. मास्तर आधी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, मग नुसता घुर्र घुर्र आवाज यायला लागला. आजोबा धावत आले, त्यांनी मागून कंबर धरली; हिरोनं कोपर मारलं आणि म्हातारा भिंतीवर जाऊन आदळला. मधल्या पातळ भिंतीपलीकडे लोक खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. त्यांना वाटलं, आत सामान हलवताहेत.

तेवढ्यात त्याच्या पाठीत लाकडी स्टूल बसलं. सिस्टरनं दोन्ही हातांनी हाणलं होतं. तो वळला. वळता वळता त्याचा हात वर गेला, मूठ आवळलेली, आणि समोर ती होती. तिथे रंगमंच नव्हता, दिवे नव्हते, कुणी बघत नव्हतं. सिस्टरनं स्टूल टाकून डावा कान हातानं झाकला आणि डोळे मिटले.

हात तसाच वर राहिला. खाली यायला त्याला फार वेळ लागला.

"झालं?" सिस्टर डोळे उघडून म्हणाली. "हो बाजूला. रक्त गिळून गुदमरेल तो." ती गुडघ्यावर बसली, मास्तरांना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून दात बाहेर काढले आणि ओरडली, "बघत काय उभा राहिलास? ॲम्ब्युलन्स बोलाव!"

फोन त्यानंच केला. पोलीस येईपर्यंत तो वाटेतच बसून होता. बाहेर कुणीतरी प्रेक्षकांना सांगितलं की नटाची तब्येत बिघडली आहे, तिसरा अंक होणार नाही. मालिकावाले गृहस्थ हातातलं घड्याळ बघत निघून गेले.

पोलीस ठाण्यात त्याला वाटत होतं, सिस्टर आपल्या बाजूनं बोलेल. अधिकाऱ्यांनीही तिला वाट काढून दिली. "बाई, तुमच्यावर झालेल्या अन्यायामुळे याचं डोकं फिरलं, असंच ना?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "यानं माझ्यासाठी मारलं, असं लिहू नका. मी म्हटलं नव्हतं. त्या माणसानं खोटं बोलून मला मार खायला लावला, ते लिहा. आणि यानं मला इतके दिवस मारलं, तेही लिहा. रक्त दिसत होतं याला. एकदा तरी विचारता आलं असतं. नियम होता म्हणे! नियम मोडायला याला माझा कान फाटावा लागला."

हिरो मान खाली घालून बसला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "खरं आहे?" तो म्हणाला, "खरं आहे."

कोर्टात त्याच्या वकिलानं पढवलं होतं की मी नाटकाच्या दबावाखाली होतो असं म्हणायचं. तो उभा राहिला आणि म्हणाला की दबाव होता, पण मारताना बरंही वाटत होतं. गॅसवाल्याला मारतानाही, मास्तरांना मारतानाही. वकिलानं कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. दीड वर्षाची शिक्षा झाली. मास्तरांवर सिस्टरची तक्रार होती, पण ती काही फळाला आली नाही. त्यांच्या वकिलानं सिद्ध केलं की त्यांनी स्वतः कुणावर हात उचललाच नव्हता. वाकडा जबडा घेऊन ते दुसऱ्या शहरात गेले. तिथे त्यांची नाटकं चालतात, आणि कलेसाठी जबडा मोडून घेतलेला माणूस म्हणून त्यांना मान आहे.

तुरुंगात आधी दाजीच यायचे. समोर बसून लिफ्टच्या गोष्टी सांगायचे, कुठे दोर तुटला, कुठे कोण अडकलं. ताईचं नाव निघत नसे. हिरोही काढत नसे. मग एकदा ताई एकटी आली. दोघांच्या मध्ये लोखंडी जाळी होती. ताई जाळीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. कित्येक महिन्यांत ती त्याच्या इतक्या जवळ आली नव्हती.

"ही जाळी बरी आहे," ती म्हणाली. "मला तुझ्याशी बोलता येतंय."

त्याला रडू आलं. तिनं ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"एक विचारू? खरं सांग. मारताना काय वाटायचं?"

तो जाळीच्या तारांकडे बघत म्हणाला, "आधी छातीत काहीतरी दाटायचं. मारलं की मोकळं व्हायचं. वाटायचं, आता सगळे माझं ऐकताहेत. आणि लगेच पुन्हा दाटायचं, आधीपेक्षा जास्त."

ताई ऐकत होती. "बाबांना हे कधी विचारता आलं नाही," ती म्हणाली. "आई मरेपर्यंत शोधत राहिली, आपलं काय चुकतं ते." मग तिनं पिशवीतून त्याचे धुतलेले कपडे काढले आणि पहारेकऱ्याकडे दिले.

सुटल्यावर तो गॅसवाल्याच्या घरी गेला. गॅसवाल्याचं नाक एका बाजूला बसलं होतं. त्यानं दार उघडलं, हिरोला पाहिलं आणि दार लावून घेतलं. हिरोनं पुन्हा बेल वाजवली नाही. नाटकवाल्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. गावगुंडाचं काम केव्हाच दुसऱ्या कुणाला गेलं होतं आणि तो दुसरा नट आता रस्त्यानं चालला तर गर्दी जमत असे. एकदोघे सिनेमावाले हिरोकडेही आले, मारामारीची कामं घेऊन; खरा तुरुंगात जाऊन आलेला म्हटल्यावर सोन्याहून पिवळं. त्यानं नाही म्हटलं. ताईच्या घराजवळच त्यानं वेगळी खोली घेतली आणि रविवारी जेवायला त्यांच्याकडे जाऊ लागला. घरात शिरताना तो जिन्यावरूनच हाक मारायचा, म्हणजे ताई एकदम दचकणार नाही.

शेवटी काम मिळालं ते आवाजाचं. परक्या भाषेतल्या सिनेमांना आणि कार्टूनना आवाज द्यायचा. एक बंद काचेची खोली, एक माईक, समोर पडदा. शरीर लागतच नाही. चुळबुळ केली तर माईक पकडतो, म्हणून तो हात मांडीखाली दाबून बसतो. पहिलं मोठं काम एका आळशी अस्वलाचं मिळालं. पोरांना ते फार आवडलं. आता त्याला बऱ्यापैकी कामं असतात. मधूनच एखादा चिडलेला बाप किंवा खुनी त्याच्या वाट्याला येतो. तेव्हा ते झाल्यावर तो थोडा वेळ बाहेर जाऊन चालून येतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना ते माहीत झालंय, ते थांबतात.

सिस्टर आजही दवाखान्यात आहे आणि आजही नाटक करते. आता स्वतःच बसवते. डाव्या कानात यंत्र असतं. मागच्या हिवाळ्यात तिच्या नव्या नाटकाचं तिकीट काढून हिरो शेवटच्या रांगेत बसला. नाटक एका खाणावळ चालवणाऱ्या बाईचं होतं, लोक पोट धरधरून हसत होते. संपल्यावर नट मंडळी दारात येऊन उभी राहिली. तो कडेनं निघून जाणार होता, पण तिनं पाहिलं.

"सिस्टर, काम फार छान झालं," तो म्हणाला.

"हं." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. "आमच्या वॉर्डातली पोरं तुझं ते अस्वल लावतात. बरं करतोस."

मागून लोक तिला भेटायला पुढे येत होते. ती त्यांच्याकडे वळली. हिरो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला, आणि सकाळी लवकर रेकॉर्डिंग होतं म्हणून चालत सरळ घरी गेला.